पंचाचं कोरडं तोंड

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालेलं, पोरांना बिस्किटं वाटून झालेली, शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्यांवर बसलेली माणसं उठायच्या बेतात होती. पाण्याची मोटर, घरकुलाची यादी, स्मशानातलं शेड, सगळे विषय संपले होते. तेवढ्यात सरपंचानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, हिरामण पगारेनं, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचला.

"जगातल्या सर्व देशांनी आपापसांतले तंटे शस्त्रानं न सोडवता आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे आणि शांततेच्या मार्गानं मिटवावेत, अशी आसळे खुर्दची ग्रामसभा विनंती करते."

ग्रामसेवकानं पेन वर धरलं. "सरपंच, हा खर्च कुठल्या निधीत टाकू?"

"याला खर्च नाही."

"मग ठराव कशाला घ्यायचा?" मागून कोणीतरी बोललं, आणि सभा हसली.

गोरक्ष म्हणून एक कांदेवाला शेतकरी आहे, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "नाना, ही विनंती पोष्टानं धाडायची का कोणी घेऊन जायाची? घेऊन जायाची आसल तर माझं नाव लिहा. मी आजून इमानात बसलो नाय."

ठराव मंजूर झाला, तो पटला म्हणून नव्हे, तर भुका लागल्या होत्या म्हणून. दादाला गावात तोंडावर नाना म्हणतात आणि माघारी युनो. त्याला ते माहीत आहे. दोनदा सरपंच झाला, पहिल्यांदा राखीव जागेवर आणि दुसऱ्यांदा खुल्या जागेवर, तेव्हा हसणारी माणसं मतही देतात हेही त्याला माहीत आहे.

मी नाशिक रोडला राहते, सव्वीस जानेवारीला गावी आले होते. आसळे सिन्नर तालुक्यात, माझं माहेर. दादा वीस वर्षं फौजेत होता. त्यातलं एक वर्ष तो शांतिसेनेत, निळी टोपी घालून, आफ्रिकेतल्या एका देशात काढून आला. परत आला तो पोस्टकार्डाएवढी पुस्तिका घेऊन. तिच्यात कायदे होते, लढाईत सुद्धा काय करायचं नाही त्याचे. इंग्रजी त्याला जेमतेम येतं, पण ती पुस्तिका त्यानं शब्दकोश घेऊन चार वर्षांत वाचली. मोहिनी वहिनी म्हणायची, "लोकांचे नवरे तिकडून टेपरेकॉर्डर आणतात, ह्यांनी कायदा आणला."

वहिनीच्या घरात पिवळा कॅन नाही. तेलाचे, डिझेलचे ते पाच लिटरचे, वीस लिटरचे कॅन खेड्यात सगळीकडं असतात, टँकर आला की बायका तेच घेऊन रांगेत उभ्या राहतात. वहिनी स्टीलची कळशी घेऊन जाते. "ह्यांना कॅन चालत नाही," एवढंच सांगते. बायकांना वाटतं, सरपंचीण म्हणून मिजास आहे.

कारण मला कळलं ते माझ्याच घरी. त्या ग्रामसभेच्या आधीच्या उन्हाळ्यात पेन्शनच्या कामाला दादा नाशिक रोडला आला होता. भर दुपार होती, आम्ही जेवायला बसलो होतो. कॉलनीत नळाला पाणी नव्हतं, खाली टँकर लागला होता, आणि कुणाची तरी मुलं रिकामे कॅन एकमेकांवर वाजवत होती. दादाच्या हातातला घास हातातच राहिला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी घाबरून पंखा वाढवला, मीठ-साखरेचं पाणी केलं. तो म्हणाला, "खिडकी लाव गं, संध्या." खिडकी लावली तरी तो ऐकतच होता. मग बोलला.

छावणीच्या फाटकावर त्याची दिवसपाळी होती. स्वतःच्या मनानं फाटक उघडायचं नाही, असा नियम. बाई किंवा लेकरू आलं तर आतल्या साहेबाला फोन करायचा, मग साहेब सांगतील तसं. फोन त्याच्या हाताशी होता. त्या सकाळी त्यानं दोनदा फोन केला होता, आणि दोन्ही वेळा काहीच नव्हतं, एकदा तर शेळ्या वळणारा म्हातारा होता. साहेब हसून म्हणाले होते, "हवालदार, शेळ्यांसाठी पण फोन करणार का?" बाकी काही नाही, एवढंच.

दुपारी एक बाई आली. हातात पिवळा कॅन. भाषा कोणाला येत नव्हती. तिनं बोटाच्या पेरांनी कॅनवर वाजवून दाखवलं, रिकामा आहे म्हणून. परत वाजवलं. दादानं हातानं खूण केली, त्या बाजूला विहीर आहे, तिकडं जा. ती उभी राहिली. त्यानं परत खूण केली. ती गेली. अर्ध्या तासानं तिकडून गोळ्यांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी गस्तीला कॅन सापडला.

"चौकशी झाली," दादा म्हणाला. "माझी चूक निघाली नाही. नियम पाळला म्हणाले."

"मग खरंच तुझी चूक नव्हती ना दादा."

"होती. लोक म्हणतात कायदा कुचकामी असतो. संध्या, नियमात त्या बाईची जागा होती. फोन करायचा, असं लिहिलेलं होतं. मीच तो उचलला नाही. साहेब हसतील म्हणून."

ताटातलं वरण गार झालं. तो जाताना चपला घालून दारात थांबला आणि म्हणाला, "ती येते. बोलत नाही. कॅन वाजवून उभी राहते."

मी त्याला सांगितलं, रोज सकाळी त्रिशरण म्हण. तो म्हणाला, म्हणतो, तेव्हाच येते.

ग्रामसभेतल्या त्या ठरावावर सगळे हसले, मला हसू आलं नाही ते यामुळं.

मार्चच्या शेवटी पाण्याचं भांडण लागलं. आसळे बुद्रुक आणि आसळे खुर्द यांच्यामध्ये ओढ्यावर एक जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो, आधी बुद्रुकमधून जातो, मग आमच्या खुर्दला येतो. आठवड्यातले चार दिवस बुद्रुकची पाळी, तीन दिवस खुर्दची. यंदा पाणी कमी. कांद्याला शेवटचं पाणी द्यायची वेळ आली आणि बुद्रुकच्या पोरांनी आमच्या पाळीच्या दिवशी मातीच्या गोण्या टाकून पाट अडवला. आमच्याकडची पंधरा-वीस पोरं दांडकी घेऊन मारुतीच्या पारापाशी जमली. गोरक्ष पुढं होता.

"काय नाना," तो दादाला म्हणाला, "जगाचा ठराव केला ना आपण? आता बुद्रुकला लावा तुमचा आंतरराष्ट्रीय कायदा! का तो फकस्त लांबच्यांना लागू हाय?"

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लागू आहे. दांडकी खाली ठेव, मी बुद्रुकला जातो."

"एकटे?"

"तू इमानात बसणार होतास ना? चल, तुझ्या मोटरसायकलवर जाऊ."

लहानपणी आई आम्हाला रोहिणी नदीची गोष्ट सांगायची. विहारात वैशाखी पौर्णिमेला अजून सांगतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून युद्धाची वेळ आली, तेव्हा सिद्धार्थ म्हणाला, दोन आपले निवडू, दोन त्यांचे, ते चौघं मिळून पाचवा निवडतील, आणि पाच जण सांगतील ते ऐकू. त्याचं कोणी ऐकलं नाही. त्याला घर सोडावं लागलं. लहानपणी दादा दर वेळी आईला विचारायचा, "ऐकलं नाही म्हणजे तो चुकला का?" आई म्हणायची, "जेव आता."

बुद्रुकचा सरपंच शेखर, चाळिशीचा, समजूतदार माणूस. दोघांनी कागद केला. बुद्रुकचे दोन पंच, खुर्दचे दोन, त्यात दादा. पाचव्या सिन्नरच्या निवृत्त मुख्याध्यापिका लताबाई, दोन्ही गावांतल्या निम्म्या माणसांना त्यांनी छड्या मारलेल्या, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती.

त्या बंधाऱ्याची एक जुनी रीत आहे. पाण्याच्या भांडणात पंच बसले की निवाडा होईपर्यंत त्यांनी तोंड कोरडं ठेवायचं. दोन्ही गावांच्या विहिरी त्याच ओढ्यावर, म्हणून सगळंच भांडणाचं पाणी, त्यातला थेंब घ्यायचा नाही. आणि ज्या गावाचा पंच तोंड ओलं करील त्या गावाची एक पाळी समोरच्या गावाला जाणार. ही रीत माणसं विसरत चालली होती. दादानंच आग्रह करून ती कागदावर कलम म्हणून घातली, सह्या घेतल्या. म्हणाला, "पंचाला पण कायदा लागू पाहिजे."

पंच बसायच्या दिवशी मी नाशिक रोडहून सकाळच्या गाडीनं गेले. बुद्रुकच्या शाळेपुढं कडुनिंबाखाली बैठक होती. सावलीत पाच पंच, एका अंगाला बुद्रुकची माणसं, दुसऱ्या अंगाला आमची. आम्ही बायका शाळेच्या पायरीवर. दहाला बसले. बारा वाजले तरी गाडं चार आणि तीनच्या पुढं सरकेना. बुद्रुक म्हणे आम्हाला पाच दिवस, तुम्हाला दोन. खुर्द म्हणे तीनचे अडीच सुद्धा करणार नाही. लताबाईंचे ओठ वाळून पांढरे झाले होते. त्या एकदा म्हणाल्या, "पाढे पाठ करायला लावले असते तर बरं झालं असतं तुम्हाला."

साडेबाराच्या सुमाराला बायडाबाई आल्या. शेखरच्या चुलती. सत्तरीच्या आसपास, पाठीत वाकलेल्या. हातात पितळी तांब्या, वर फुलपात्र पालथं घातलेलं. दादा बुद्रुकमध्ये शंभर घरी चहा प्यायला असेल, पण त्यांच्या घरी कधी नाही. तसं बोलावणंही कधी आलं नव्हतं. त्या सरळ चालत कडुनिंबाखाली गेल्या आणि दादापुढं उभ्या राहिल्या.

"हिरामण, पाणी पी."

शेखर उठला. "काकी, पंचांना चालत नाय. घरी चला बरं."

"तू गप रं. मी याच्याशी बोलती." त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. "बहात्तरचा दुष्काळ तुला आठवतो का रं? तुमच्याकडची हीर आटली व्हती. तुझी आय आमच्या हिरीवर यायची. तू तिच्या लुगड्याला धरून उभा राहायचास."

"आठवतं, काकी."

"तुमच्या बायांनी काठावर चढायचं नाय, वरून आम्ही वतायचं. माझं नवं लग्न. सासू मागं उभी. तुझी आय सकाळधरनं थांबली व्हती, सगळ्यांचं भरून झालं, तिचा नंबर आला, आन मी म्हणले संपलं. पाणी व्हतं. माझे हात दुखत व्हते, सासू बघत व्हती, मी खोटं बोलले. तुझी आय काय बोलली नाय. रिकामा हंडा घेऊन गेली." त्यांचा आवाज बारीक झाला. "ती जाताना दिसती मला. आता ती नाय. तू पी."

आईनं हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. दादाकडं बघितलं, तर त्याचा चेहरा माझ्या घरी जेवताना झाला होता तसाच झालेला. तो बायडाबाईंकडं बघत होता की त्यांच्या मागं कुणाकडं, मला सांगता येणार नाही.

आमच्या बाजूनं पोरं उसळली. "डाव हाय! म्हातारीला धाडली! नाना प्याले की आपली पाळी गेली!"

"तोंड सांभाळून बोला रं," शेखर ओरडला. "नाना, मला पाळी नको. तुम्ही प्या. मी लिहून देतो."

पण त्याच्याच मागून आवाज आला, "का नको? कलम त्यांनीच घातलंय. प्याले तर पाळी आमची!"

दादा उभा राहिला. दोन्ही हात जोडून आधी बुद्रुकच्या माणसांकडं वळला. "एक घोट घ्यायची परवानगी मागतो. दोन्ही गावांनी मोकळं केलं तरच. करता का?"

शेखरनं हात वर केला, आणखी सात-आठ हात वर आले. बाकीचे खाली बघत बसले. दादा आमच्याकडं वळला. "खुर्दवाले?"

गोरक्ष उठला. त्याचा ओरडा नाहीसा झाला होता. "नाना, माझा सव्वा एकर कांदा पोसायला लागलाय. एक पाळी गेली तर जमिनीतच वाळंल. म्हाताऱ्या मावशीचं खरं आसंल, पण ते माझ्या कांद्यावर नका फेडू."

दादा म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि बायडाबाईंपुढं वाकला. "काकी, निवाडा झाला की पितो. आता नाही पिता येत."

मला वाटलं बाई तांब्या फेकतील, नाहीतर रडतील. त्या म्हणाल्या, "मग मी हितंच बसते." आणि बसल्या. सावलीत जागा होती, सगळ्यांनी सरकून दिली, पण त्या उन्हातच बसल्या, तांब्या मांडीपाशी ठेवून. "मी बी नाय पीत. तुझी आय थांबली व्हती ना सकाळधरनं."

त्यानंतर जे झालं ते मी नीट पाहिलं आहे. शेखर दोनदा त्यांना उठवायला गेला. गावातल्या सुना छत्री घेऊन आल्या, त्यांनी ती मिटून बाजूला ठेवली. पदर कपाळावर ओढून बसून राहिल्या. मार्चचं ऊन. आमच्या पोरांनी डाव, डाव म्हणणं बंद केलं. त्यातलाच एक आपली टोपी त्यांना द्यायला गेला आणि शिव्या खाऊन परत आला. पंचांचे आवाज खाली आले. सकाळी अडीच म्हटलं की भांडायला उठणारा आमचा दुसरा पंच आता म्हणाला, "अडीच तर अडीच, पण गोण्या टाकणाऱ्याचं काय?" बुद्रुकचा पंच म्हणाला, "गोणी टाकणाऱ्या गावाची पाळी जाईल, लिहा." लताबाई लिहीत गेल्या. मध्येच थांबून त्या बायडाबाईंकडं बघायच्या आणि अक्षर आणखी भरभर काढायच्या.

पावणेतीनला सह्या झाल्या. यंदापुरते बुद्रुकला साडेचार दिवस, खुर्दला अडीच. आमचा अर्धा दिवस गेला. गोरक्षनं तोंड वाकडं केलं, पण गोण्या काढायला पहिला तोच गेला, आणि बरोबर बुद्रुकची चार पोरं होती.

दादा बायडाबाईंपाशी जाऊन मातीत बसला. त्यांनी फुलपात्र भरलं. थोडं सांडलं. दादा प्यायला. मग त्यानं फुलपात्र भरून त्यांच्या पुढं धरलं, त्या प्यायल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फोटो काढले नाहीत. लताबाई सुद्धा उठल्या नाहीत, पदरानं चष्मा पुसत बसल्या.

घरी परत येताना आम्ही पाटाच्या कडेनं चालत आलो. पाणी सुटलं होतं, आमच्या पुढं पुढं चाललं होतं, पालापाचोळा ढकलत. मला बरं वाटत होतं. मी म्हटलं, "दादा, आईला पोचलं असेल हे."

"असेल."

"आणि तुलाही आता सुटल्यासारखं वाटत असेल."

तो चालत राहिला. मग म्हणाला, "मी पीत होतो तेव्हा ती बघत होती."

"बायडाबाई?"

"नाही गं."

मी मागं वळून बघितलं. का बघितलं मला माहीत नाही. पाटावर कोणी नव्हतं.

कांदा निघाला तेव्हा गोरक्षची निम्मी गोल्टी निघाली, लहान लहान गाठी. भेटला की दादाला म्हणतो, "नाना, तुमच्या कायद्याचा कांदा बारीक निघतो." दादा म्हणतो, "डोकी शाबूत आहेत ना?" तो म्हणतो, "डोकी बाजार समितीत घेत नाय कोणी." पण मे महिन्यातल्या ग्रामसभेत दादानं तोच ठराव परत मांडला, तेव्हा गोरक्षनं अनुमोदन दिलं. ग्रामसेवकानं या वेळी निधीचं विचारलं नाही.

वैशाखी पौर्णिमेला दादा माझ्याकडं आला. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत विहार आहे. सकाळी वंदना झाली, खिरीची पातेली आली, आणि ज्यांना आपल्या गेलेल्या माणसांसाठी पुण्यानुमोदन करायचं होतं ते भन्तेजींपाशी नावं सांगायला लागले. कोणी आईचं, कोणी नवऱ्याचं. मी आईचं सांगितलं. माझ्या मागं दादा उभा होता. त्याचा नंबर आला. भन्तेजींनी वहीवरून डोकं वर केलं. "दिवंगतांचं नाव?"

मागची माणसं खोळंबली. मी हळूच म्हटलं, "दादा, सांग काहीतरी."

"नाव विचारलं नव्हतं मी," तो म्हणाला. "भाषा येत नव्हती. पण नाव हातवाऱ्यानं पण विचारता येतं. मी नाही विचारलं."

भन्तेजींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी वहीत एक ओळ कोरी सोडली आणि पुढच्या माणसाला हात केला. सगळ्यांची नावं वाचून झाल्यावर त्या ओळीपाशी ते थांबले, जितका वेळ एक नाव घ्यायला लागतो तितका. मग गाथा सुरू झाली. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी मला माझ्या बाजूला दादाचा श्वास ऐकू येत होता. मध्येच तो अडकला, मी डोळे उघडले, तर दादा बाजूला सरकला होता, एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा करून. गाथा संपेपर्यंत ती जागा तशीच होती.